चित्रामागचे शब्द

अमेरिकेतल्या माझ्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे असा एक वर्ग आला ज्याला खोली नव्हती.

मी नागपूरहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठाच्या गावी हवामानशास्त्र शिकायला आले होते. डोंगरांच्या दोन लांबच लांब रांगा आणि मधल्या खोऱ्यात ते गाव. ऑगस्ट सरत आला की सकाळी ते खोरं धुक्याने काठोकाठ भरायचं. दहाच्या सुमारास धुकं सावकाश वर उचललं जायचं आणि त्याचाच एक पातळ ढग होऊन डोंगराच्या खांद्यावर रेंगाळायचा. कॅम्पसच्या बसची वाट बघत मी ते रोज पाहायची आणि कितीदा तरी बस निघून जायची.

विद्यापीठ फी माफ करायचं, त्या बदल्यात आम्ही शिकवायला मदत करायची, अशी पद्धत होती. पहिल्या वर्षी मी प्रयोगशाळेत मुलांकडून तापमापक वाचून घेतले. २००३ च्या ऑगस्टमध्ये मात्र मला सांगण्यात आलं की या वेळी तुझा वर्ग इंटरनेटवर आहे. हवामानाची ओळख करून देणारा एक अभ्यासक्रम पूर्वी टपालाने चालायचा. कागदांचे गठ्ठे जायचे, उत्तरं यायची. आता तो वेबसाइटवर चढवला होता. देशभरातले पस्तीस-चाळीस विद्यार्थी घरबसल्या धडे वाचणार, एका फलकावर प्रश्न लिहिणार आणि मी उत्तरं देणार.

मला ते आवडलं नाही. बरोबरीची मुलं रडारवर काम करत होती आणि मी चिठ्ठ्यांना उत्तरं देणार. धडे ज्यांचे होते त्या प्राध्यापकांनाही ते फारसं रुचलं नव्हतं. साठीचे, उंच, खडूच्या भुकटीने कायम पांढरी बाही असलेले गृहस्थ. तिथे सगळे त्यांना नावाने हाक मारायचे, माझ्याने ते कधी झालं नाही. मी सर म्हणायची. ते मला म्हणाले, "तीस वर्षं मी चेहरे बघून शिकवलं. कोणाला कळलं नाही ते कपाळावर दिसतं. या वर्गाला कपाळच नाही. तू जरा लक्ष ठेव."

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नेब्रास्काहून एक ईमेल आली.

लिहिणाऱ्या बाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. तीस वर्षं त्यांनी एका इस्पितळासाठी डॉक्टरांच्या टेपा ऐकून रिपोर्ट टाइप केले होते, आता निवृत्त झाल्या होत्या. चार वर्षांच्या असताना आजारात त्यांची दृष्टी गेली होती. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर होतं, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं. त्याच्या भरवशावर त्यांनी आमच्या वर्गात नाव घातलं होतं.

"पहिले दोन धडे छान झाले," त्यांनी लिहिलं होतं. "तिसरा धडा ढगांचा आहे. तो मी चार वेळा ऐकला. माझं यंत्र एक वाक्य वाचतं, मग म्हणतं, 'चित्र, क्लाउड शून्य चार'. पुन्हा एक वाक्य, पुन्हा 'चित्र, क्लाउड शून्य पाच'. असं एकेचाळीस वेळा. मी पन्नास वर्षं रेडिओवर हवामान ऐकते आहे. 'अंशतः ढगाळ' म्हणतात, तर कोणता अंश, हे मला कोणी सांगितलेलं नाही. तुम्हाला जमेल का?"

मी ती ईमेल दोनदा वाचली, मग माझ्या रूममेटला दाखवली. ती मुंबईची, कॉम्प्युटर सायन्स करणारी, कशानेही न गोंधळणारी मुलगी. ती म्हणाली, "यार, तू आधी ऐकून तर बघ. लायब्ररीत एका मशीनवर ते सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलेलं आहे."

रविवारी दुपारी आम्ही गेलो. तिने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले आणि मॉनिटरचं बटण बंद केलं. काळी काच समोर आणि कानात एक सपाट, घाईचा आवाज. मी स्वतः तपासलेला धडा तो वाचत होता आणि मला त्यातलं काही ओळखू येत नव्हतं. सरांचे एवढे सुंदर फोटो, काही डोंगरमाथ्यावरून काढलेले, काही विमानातून, ते सगळे नुसते आकडे होऊन गेले होते. मी हेडफोन काढले तेव्हा खिडकीबाहेर ऊन होतं, आणि आकाशात क्लाउड शून्य चार अगदी शांतपणे चालला होता.

"प्रत्येक फोटोच्या पाठीमागे टेक्स्ट टाकता येतो," रूममेट म्हणाली. "वेबपेजमध्ये तशी जागाच असते. लोक भरत नाहीत, इतकंच. तू लिही, मी अपलोड करून देते."

मी त्याच संध्याकाळी बसले आणि पाठ्यपुस्तकातून लिहून काढलं : मध्यम उंचीवरचा ढग, पांढरे किंवा करडे गोलसर पुंजके, ओळींमध्ये मांडलेले. पाच चित्रांची वर्णनं पाठवली.

उत्तर सकाळी आलं. "आभारी आहे. तुम्ही मला ढगाचं नाव आणि पत्ता सांगितलात. तो कसा आहे ते अजून कळायचं आहे."

मग मी उपमा वापरल्या. कापूस, मेंढरांचा कळप, नांगरलेलं शेत. त्यावर त्यांनी लिहिलं, "आमच्याकडे मेंढ्या होत्या. मेंढी उबदार असते, तेलकट असते, आणि तिला वास येतो. ढग तसा आहे का? आणि कापूस मी हातात घेतला आहे. बोंडाचं टोक बोचतं."

माझ्या सगळ्या उपमा डोळ्यांच्या होत्या. डोळ्यांना मेंढी आणि ढग सारखे दिसतात, हाताला कुठे?

मी फोन केला. आवाज अपेक्षेपेक्षा तरुण होता, शब्द स्वच्छ आणि सावकाश. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी सरांनी वर्गात शिकवलेली युक्ती सांगितली. "हात समोर लांब करा आणि अंगठा वर धरा. या जातीच्या ढगाचा एक पुंजका त्या अंगठ्याच्या नखाआड झाकला जातो. मूठ लागली तर तो ढग खालचा, करंगळी पुरली तर फार वरचा."

फोन दुसऱ्या हातात घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "ढग मैलभर पसरलेला असतो ना?"

"हो."

"मग माझ्या नखाएवढा कसा?"

लांबची वस्तू लहान दिसते, हे मला कधी कोणाला सांगावं लागलं नव्हतं. मी चाचपडत होते, तेवढ्यात त्यांच्याकडे मागे कुठेतरी मालगाडीची शिट्टी वाजली.

"ही गाडी तुमच्या घरापासून किती दूर आहे?" मी विचारलं.

"दोन मैल. धान्याच्या कोठारापाशी."

"ती दारात असती तर?"

"तर तुमचं बोलणं मला ऐकू आलं नसतं." शिट्टी पुन्हा वाजली. "म्हणजे दूर गेलं की आवाज बारीक होतो, तसा आकारही बारीक होतो. आणि माझं नख जवळ आहे म्हणून ते ढगाला पुरतं. जसं कोणी कानाशी कुजबुजलं तर गाडी ऐकू येत नाही."

"अगदी तसंच."

"हे मला साठ वर्षांत कोणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, एखादी गोष्ट कपाटात जागेवर ठेवावी तसं त्यांनी ते म्हटलं.

त्यानंतरचे दोन महिने आठवले की मला मी सतत हिरवळीवर पाठ टेकून पडलेली दिसते. पानं आधी पिवळी झाली, मग तांबूस, मग पायांखाली आली, आणि मी वहीत ढग लिहीत होते. आधी मराठीत लिहायची, कारण घाईत तेच शब्द यायचे : पिंजलेला, विरळ, गच्च, ओथंबलेला. मग इंग्रजी करायची. कडा कशी आहे, कापलेली की विरघळणारी. सूर्य त्याच्याआड गेला तर गालावरची ऊब एकदम जाते की हळूहळू. सरकतो किती वेगाने, एका श्वासात किती. जागा किती व्यापतो, तुमचे दोन्ही हात पसरले तर किती. कधी कधी लिहिता लिहिता ढग बदलून जायचा आणि मी कोणता लिहीत होते हेच मला कळायचं नाही. मी तशीच पडून राहायची. हवामान शिकायला सात समुद्र ओलांडून आले होते, पण आकाशाकडे इतका वेळ मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

एका शब्दाचं मात्र इंग्रजी होईना. मळभ. पाऊस नाही, ऊनही नाही, हवा थांबलेली, आणि उगाच मनावर काहीतरी बसलेलं. मी तो शब्दच त्यांना लिहून पाठवला, खाली अर्थ दिला.

दोन दिवसांनी वर्गाच्या फलकावर त्यांची चिठ्ठी होती : "आज आमच्या गावावर मळभ आहे." खाली इतरांसाठी अर्थ. ओहायोचा एक ट्रक ड्रायव्हर वर्गात होता, मुक्कामाच्या मोटेलमधून टेलिफोनच्या तारेवर धडे उघडायचा. त्याने उत्तर दिलं, "इंडियानातही सकाळपासून तेच." मग आठवडाभर फलकावर कुठे ना कुठे मळभ होतं, इंग्रजी अक्षरांत, प्रत्येकाच्या वेगळ्या स्पेलिंगने.

त्या ड्रायव्हरनेच आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या मंद लाइनवर फोटो उघडायला दोन-तीन मिनिटं लागत, तोवर चौकटीत माझे शब्द दिसत. त्याने लिहिलं, "मी आधी शब्द वाचतो आणि डोळे मिटून ढग बघतो. फोटो आला की ताडून बघतो. आता फोटोची घाई वाटत नाही."

मी ते छापून सरांना दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, आणि माझी सगळी वर्णनं मागितली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर ते कागद त्यांच्या टेबलावर होते, समासात खडूच्या बोटांचे ठसे.

"मी मुलांना फोटो दाखवतो आणि म्हणतो, बघा," ते म्हणाले. "काय बघायचं ते सांगत नाही. मला वाटायचं ते दिसतंच." मग कागद नीट लावत, "उरलेल्या धड्यांचंही करशील?"

उरलेले नऊ धडे होते. मी हो म्हटलं.

नोव्हेंबरात खरी अडचण आली. शेवटची परीक्षा हवामानाच्या नकाशावर होती. नकाशावर हवेचा दाब रेषांनी दाखवतात. जिथे जिथे दाब सारखा आहे ती ठिकाणं जोडत रेषा जाते, आणि त्या रेषांच्या वळणांवरून वारा कुठून येईल, पाऊस कुठे पडेल हे ओळखायचं. नकाशा शब्दांत सांगून भागण्यासारखं नव्हतं. सर म्हणाले की बाईंना नकाशाचा प्रश्न वगळून द्यावा. मी ते बाईंना फोनवर सांगितलं.

"वगळू नका," त्या म्हणाल्या. "तोच ऐकायला मी आले आहे."

आमच्या अपार्टमेंटमध्ये जेवायच्या टेबलावर मी मोठा पुठ्ठा पसरला. नकाशा त्यावर काढला, राज्यांच्या सीमा सुईने टोचून उठवल्या, आणि दाबाच्या रेषांवर लोकरीचे धागे चिकटवत गेले. हवामान केंद्रांच्या जागा कशा दाखवाव्यात ते सुचेना. रूममेट आत गेली आणि टिकल्यांची पाकिटं घेऊन आली.

"आईने वर्षभराचा स्टॉक दिला होता," ती म्हणाली. "घे. मी इथे कोणासाठी लावणार आहे?"

मखमली टिकल्या बोटाला छान लागत होत्या. जिथे पाऊस होता तिथे आम्ही डिंकाने साबुदाणा लावला. थंड हवेची आघाडी, म्हणजे पुढे सरकत येणारी तिची कड, दाखवायला जाड दोरी. शनिवारची सगळी दुपार गेली. बाहेर वर्षाचा पहिला बर्फ पडत होता, अगदी बारीक, जमिनीला लागायच्या आत नाहीसा होणारा, आणि आत आम्ही दोघी अमेरिकेवर वाकून मिसिसिपीच्या काठाने टिकल्या लावत होतो. बोलणं फारसं झालं नाही. टपाल कचेरीतल्या माणसाने पार्सलवरचा पत्ता वाचला, आत काय आहे विचारलं, आणि म्हणाला की अंध व्यक्तीसाठीच्या वाचनसाहित्याला टपालखर्च लागत नाही. त्याने तसा शिक्का मारला. हे मला ठाऊक नव्हतं.

परीक्षा फोनवर झाली. कोणती खूण कशाची आणि कोणत्या धाग्याचा दाब किती, ते मी बाईंना आधीच ईमेलने कळवलं होतं. सरांच्या ऑफिसात स्पीकर लावून ते आणि मी बसलो होतो, समोर मूळ नकाशा. पलीकडून पुठ्ठ्यावर बोटं फिरल्याचा बारीक आवाज येत होता.

"इथे खडबडीत आहे, म्हणजे पाऊस," बाई म्हणाल्या. "हे दाणे कशाचे आहेत?"

"आम्ही उपासाला खातो ते," मी म्हणाले. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी कमी दाबाचं केंद्र शोधलं. वारा कोणत्या बाजूने फिरेल ते सांगितलं. धागे जिथे दाट होते तिथे वारा जोरात असणार, हेही. मग बोटांचा आवाज थांबला.

"आयोवाच्या वर काहीतरी चुकलं आहे," त्या म्हणाल्या.

"काय चुकलं?" सरांनी विचारलं.

"इथे एक धागा दुसऱ्यावरून गेला आहे. मी तीनदा पाहिलं. एकाच गावात एकाच वेळी हवेचे दोन दाब कसे असतील? या रेषा कधी एकमेकींना छेदत नाहीत असं चौथ्या धड्यात आहे."

सरांनी मूळ नकाशा जवळ ओढला. तिथे रेषा ठीक होत्या, शेजारी शेजारी, न शिवता गेलेल्या. चूक माझी होती. वळणावर धागा घसरला असणार आणि मी बर्फाकडे बघत असणार.

"नकाशा करताना माझ्याकडून चूक झाली," मी म्हणाले. "माफ करा."

"म्हणजे मी बरोबर आहे?"

"तुम्ही बरोबर आहात," सर म्हणाले. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली होती. "पुढचे प्रश्न विचारायची मला गरज वाटत नाही."

"विचारा," त्या म्हणाल्या. "मी सगळ्याची तयारी केली आहे."

सरांनी उरलेले सहाही प्रश्न विचारले. एकाचं उत्तर चुकलं, ते बाईंना कित्येक दिवस लागून राहिलं होतं. फोन ठेवल्यावर सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. "या बाईंचं कपाळ मला दिसत होतं," ते म्हणाले आणि कोट घालून वर्गावर गेले.

माझं पुढचं सगळं त्या हिवाळ्याने वळवलं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी वादळांवर प्रबंध लिहिला, पदवी घेतली, पण नोकरी शोधायची वेळ आली तेव्हा मिनेसोटात शाळांसाठी कॉम्प्युटरवरचे धडे तयार करणाऱ्या एका लहानशा कंपनीत गेले. तिथल्याच ईडन प्रेरी या गावात घर घेतलं, लग्न झालं. त्या काळी सगळ्यांनाच चलत्‌चित्रं हवी होती, फिरणारे पृथ्वीचे गोल, क्लिक केलं की उमलणारी फुलं. मीटिंगमध्ये मी दर वेळी एकच विचारायची : ज्याला हे दिसत नाही त्याला इथे काय ऐकू येईल? सुरुवातीला सगळे कंटाळायचे. पुढे पुढे मी बोलायच्या आधीच कोणीतरी म्हणायचं, "हो, वर्णनं लिहायची आहेत, माहीत आहे."

२००७ च्या जुलैमध्ये नवऱ्याला म्हटलं, नेब्रास्काला जाऊन येऊ. त्याने पहाटेपासून ड्राइव्ह केलं. मक्याची शेतं सुरू झाली ती संपलीच नाहीत. काचेबाहेर सगळं हिरवं आणि एकसारखं वाहत होतं, मी मधूनच पेंगत होते, जागी व्हायची तेव्हा तोच मका, तेच आकाश, आणि किती वेळ गेला ते कळायचं नाही.

बाई ओसरीवर बसल्या होत्या. ठेंगण्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. माझा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला आणि माझा हात हातात घेऊन तसाच ठेवला. आम्ही लिंबाचं सरबत प्यायलो. आमच्या वर्गानंतर त्यांनी भूगर्भशास्त्र केलं होतं, आता ताऱ्यांचा अभ्यास चालू होता. तिथलाही कोणी विद्यार्थी त्यांच्यासाठी वर्णनं लिहीत होता. "बरा लिहितो," त्या म्हणाल्या. "उपमा फार वापरतो. मी सुधारते आहे त्याला."

चार वाजता त्या उठल्या. "बुधवारी माझा वर्ग असतो. बसा तुम्हीही."

आत त्यांच्या कॉम्प्युटरला मायक्रोफोन जोडलेला होता. त्या राज्यातल्या अंध मुलांच्या शाळेत उन्हाळी वर्ग चालायचा आणि आठवड्यातून एकदा बाई तिथल्या पाच मुलांना इंटरनेटवरून हवामान शिकवायच्या. आवाज अधूनमधून तुटायचा. मुलं एकावर एक बोलत होती, बाई शांतपणे एकेकाला थांबवत होत्या. बघायला काहीच नव्हतं, मॉनिटर त्यांनी कधी लावलाच नव्हता. मी आणि नवरा भिंतीशी खुर्च्यांवर बसून त्या रिकाम्या टेबलाकडे पाहत ऐकत होतो.

एका लहान मुलीने विचारलं, "ढगाला आवाज असतो का?"

बाईंनी खिडकीकडे कान वळवला. खिडकी उघडी होती, पडदा हलत होता.

"त्याचा स्वतःचा नाही," त्या म्हणाल्या. "पण दाट ढग खाली आला की आमची मालगाडी मला जास्त जवळून ऐकू येते. मला वाटतं, आवाजांना छप्पर मिळतं. तू आज अंगणात जा आणि ऐक. उद्याही जा. मग मला पुढच्या बुधवारी सांग, माझं बरोबर आहे का."

"आणि चूक असलं तर?" मुलीने विचारलं.

"तर मी लिहून घेईन," बाई म्हणाल्या.

आम्ही पाचला निघालो. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत नवरा एसी लावून गाडी चालवत होता. मग त्याने एसी बंद केला, दोन्ही काचा खाली घेतल्या, आणि आम्ही बराच वेळ तसेच बाहेरचं ऐकत उत्तरेकडे चाललो होतो.